अपडेट मोजायला बसलो: सहा मशीन आणि एका डोंगलच्या नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

काल नारळी पौर्णिमा झाली. आज वर्गाला तीनच पोरं आली, म्हणून हे रखडलेलं काम काढलंय.

आधी मांडणी सांगतो. देवगडात माझी एक खोली आहे. तिच्यात सहा विंडोज मशीन आणि माझा एक लिनक्स लॅपटॉप. नेट म्हणजे राउटरला लावलेलं मोबाइलचं डोंगल, दिवसाला दोन जीबी. सकाळी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. उरलेल्या वेळात बागायतदारांसाठी लिहिलेला पेट्यांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम सांभाळतो. तो पायथन या भाषेत आहे, माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. कुणाच्या किती पेट्या, किती डझनी, कुठल्या गाडीने वाशीला गेल्या, एवढंच तो बघतो.

एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, मी पायथन ३.११ वरून ३.१२ वर गेलो. गरज काहीच नव्हती. नवीन दिसलं, घेतलं. दुसऱ्या दिवशी एका बागायतदाराने पावतीत एक रकाना वाढवून मागितला. प्रोग्रॅमचा नवा इन्स्टॉलर बांधायला गेलो, तर 'डिस्टयुटिल्स' नावाचं मॉड्यूल सापडेना. ३.१२ मधून ते काढून टाकलंय. काढणार असल्याचा इशारा ३.१० पासून दिसत होता, मीच तो वाचत नव्हतो. त्यात घाईघाईने दुरुस्त करताना चालू इन्स्टॉलरही मोडला. जुनं ३.११ मी पुसून टाकलेलं आणि त्या दिवशी नेट रडत होतं. दोन दिवस पावत्या कार्बन पेपर घालून हाताने लिहिल्या. एका बागायतदाराच्या ४० पेट्या दोनदा लागल्या, वाशीहून फोन आला तेव्हा कळलं. त्यांनी समजून घेतलं, पण उरलेल्या हंगामभर पावती हातात घेतली की चष्मा लावून बेरीज तपासायचे. तपासणारच.

तर ठरवलंय ते असं. आपण वापरतो किंवा पोरांना शिकवतो ती साधनं वर्षातून किती वेळा अपडेट होतात ते मोजायचं. कमी हलणारी ठेवायची, जास्त हलणारी काढायची. यादीत गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं), व्हीएस कोड आणि विम (कोड लिहायचे एडिटर), पायथन, गो आणि रस्ट (भाषा), नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं), पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट (डेटाबेस). दोन संध्याकाळींत उरकेल असा अंदाज आहे.

२२ ऑगस्ट

पहिली संध्याकाळ वाया.

गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ. त्याच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या खिडकीला) प्रत्येक साधनाच्या रिलीजची यादी मागणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. उत्तर आलं: व्हीएस कोड ३०, नोड ३०, रस्ट ३०. गिट शून्य, पायथन शून्य, गो शून्य, विम शून्य. चहा घेताना दोन मिनिटं मी खरंच विचार करत होतो की या सगळ्यांनी ३० चा आकडा ठरवून तर घेतला नसेल.

३० म्हणजे एका पानावरच्या नोंदी. वेगळं सांगितलं नाही तर एपीआय तेवढ्याच देतो, सांगितलं तर जास्तीत जास्त १००, आणि पुढची पानं आपण मागून घ्यायची. शून्याचं कारण निराळं. गिट, पायथन, गो, विम ही मंडळी गिटहबची 'रिलीज' ही सोय वापरतच नाहीत. ती कोडवर फक्त टॅग (आवृत्तीच्या नावाची खूण) मारतात आणि बाकीची घोषणा आपल्या घरी करतात. एसक्यूलाइट तर मुळात गिटवर नाहीच. त्यांचं गिटसारखंच स्वतःचं फॉसिल नावाचं साधन आहे, गिटहबवर दिसते ती नुसती प्रत.

पानं मागायचा फेरा लिहिला आणि १५ मिनिटांत दार बंद. ओळख न देता विचारलं तर एका आयपीला तासाला ६० विनंत्या मिळतात. माझ्या फेऱ्याने साठ भरले असतीलच असं नाही, कारण मोबाइल नेटवर एका आयपीमागे शेकडो गिऱ्हाइकं असतात. कधी कधी पहिल्याच विनंतीला मर्यादा संपलेली असायची. तासाभराने पुन्हा, मग पुन्हा. रात्री अकराला सुचलं की खातं आहे, टोकन काढावं. टोकन लावलं की तासाला ५,००० मिळतात. हे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. चार तास गेले.

२५ ऑगस्ट, रविवार

एपीआय सोडला. टॅगच मोजायचे तर गिटलाच विचारावं.

'एलएस-रिमोट' ही आज्ञा काहीही उतरवून न घेता टॅगची यादी देते. यादी आली, ओळी मोजल्या, गिटचे टॅग मला वाटले त्याच्या दुप्पट. यादी नीट बघितल्यावर कळलं: ज्या टॅगवर सही आणि टीप असते तो दोन ओळींत दिसतो. एक ओळ टॅगची, दुसरी तो ज्या कमिटला (बदलाच्या नोंदीला) लावलाय त्याची, आणि दुसरीच्या शेवटी टोपी आणि महिरपी कंस असतो. आज्ञेला 'रेफ्स' हा पर्याय जोडला की दुसरी ओळ जाते.

मग विम. हजारो टॅग! मला वाटलं पुन्हा काहीतरी दुप्पट होतंय. नाही. विममध्ये प्रत्येक छोट्या ठिगळाला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा टॅग असतो. ९.० आलं जून २०२२ मध्ये, ९.१ आलं जानेवारी २०२४ मध्ये. ज्यांनी विम उभं केलं ते ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये वारले, ९.१ त्यांनाच अर्पण आहे. माणसाच्या हिशेबाने मधल्या दीड वर्षात एकही मोठी आवृत्ती नाही, टॅगच्या हिशेबाने रोज काही ना काही. माझ्या तक्त्यात विम सगळ्यात चंचल साधन ठरलं होतं. माझ्या सहा मशीनवर ते तीन वर्षं कुणी हलवलेलं नाही आणि कुणाचं काही अडलेलंही नाही. इथेच थांबून विचार करायला हवा होता. केला नाही.

एलएस-रिमोट तारखा देत नाही. तारखांसाठी कोड उतरवणं आलं. पायथनचा रेपो (इतिहासासकट कोडचा साठा) पूर्ण उतरवायला, म्हणजे क्लोन करायला घेतला. त्यात १९९० पासूनचा इतिहास आहे. ऐंशी टक्क्यांवर असताना आभाळ गडगडलं, लाइट गेली, राउटर गेला. गिटचा क्लोन अर्ध्यावर तुटला तर तिथून पुढे चालू होत नाही, शून्यापासून करावा लागतो. दिवसाचा डेटा संपलेला, ६१ रुपयांचा वरचा डेटा भरला, पुन्हा लावला, पुन्हा लाइट गेली.

२६ ऑगस्ट

उपाय सापडला, तो सविस्तर लिहितो, कारण नेट तोकडं असलेल्या कुणालाही तो लागेल.

क्लोन करायचाच नाही. रिकामा रेपो तयार करायचा, रिमोट जोडायचा आणि 'फेच' करताना तीन गोष्टी सांगायच्या: फक्त टॅग हवेत, डेप्थ १, आणि फिल्टर 'ट्री-शून्य'. डेप्थ १ मुळे प्रत्येक टॅगमागचा एकच कमिट येतो, इतिहास येत नाही. ट्री-शून्यमुळे फाइल आणि फोल्डरही येत नाहीत. उरतं ते टॅग आणि त्याची तारीख, म्हणजे मला हवं तेवढंच. मग 'फॉर-ईच-रेफ' ला 'क्रिएटरडेट' नुसार छापायला सांगायचं. सगळी साधनं मिळून एका तासाच्या आत आटोपलं, तेही पाऊस चालू असताना.

२८ ऑगस्ट

तारखा आणि आवृत्त्या स्प्रेडशीटमध्ये भरल्या. पायथनची ओळ बघून हरखलो. आवृत्ती ३.१ ची पहिली नोंद २००९ ची आणि त्यानंतर थेट २०२१ पासून पुढे ओळीने नोंदी. एखादी जुनी आवृत्ती बारा वर्षांनी पुन्हा सांभाळायला घेतली म्हणजे काय जबाबदारीची माणसं असतील! अर्धा तास मी पायथनच्या प्रेमात होतो.

स्प्रेडशीटने ३.१० ला दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य खाल्लं होतं. ३.१ आलं २००९ मध्ये, ३.१० आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, दोन्ही एकाच खणात. गोच्या काही आवृत्त्यांच्या तर तारखा झाल्या होत्या. फाइल आत घेताना तो रकाना 'मजकूर' म्हणून ठरवून द्यायचा. आत घेतल्यावर बदलून उपयोग नाही, गेलेलं शून्य परत येत नाही.

आणखी दोन बारीक चुका. तारखा टॅग मारणाऱ्याच्या तिकडच्या वेळेत आहेत, आपली वेळ निराळी, त्यामुळे महिनाअखेरीच्या नोंदी इकडच्या तिकडे झाल्या. आणि व्हीएस कोडच्या आवृत्तीला ज्या महिन्याचं नाव असतं त्या महिन्यात ती येत नाही. 'नोव्हेंबर २०२३' ची १.८५ आली डिसेंबरात, आणि डिसेंबरच्या नावाची आवृत्तीच नव्हती. त्यामुळे 'दर महिन्याला' म्हटलं तरी २०२३ च्या नावाने १.७५ ते १.८५ अशा ११ भरतात, १२ नाहीत. एक इन्स्टॉलर शंभर एमबीच्या आसपास. सहा मशीन आपापलं उतरवतात तेव्हा दर आवृत्तीला सहाशे एमबी, म्हणजे दिवसाच्या डेटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. महिन्यातून एक दिवस नेट इतकं का मंदावतं ते आज कळलं. पोरांवर उगाच ओरडायचो, व्हिडिओ बघता म्हणून.

३ सप्टेंबर

गिटच्या ओळींमध्ये १४ मे २०२४ या एका तारखेला सात टॅग दिसले: २.४५.१, २.४४.१, २.४३.४, २.४२.२, २.४१.१, २.४०.२, २.३९.४. आता कुठल्याही आकड्यावर विश्वास नव्हता, म्हणून स्क्रिप्ट दोनदा तपासली. आकडा बरोबर निघाला. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती होती, आणि ती ताज्या आवृत्तीपासून डिसेंबर २०२२ च्या २.३९ पर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी लावली गेली. त्यातल्या काही बंदोबस्तामुळे लोकांची चालू कामं अडली, म्हणून मे अखेरीस ते मागे घेणारा पुन्हा तसाच गठ्ठा आला.

माझ्या मोजणीत मे महिन्यामुळे गिट भयंकर अस्थिर दिसत होतं. प्रत्यक्षात कुठलाही एक माणूस त्या सातांतला एकच टॅग घेणार. उरलेले सहा इतरांची सोय आहेत. म्हणजे जो जुन्या आवृत्त्यांची जास्त काळजी घेतो त्याला माझ्या तक्त्यात जास्त वाईट गुण!

तीन रकाने केले: मोठी आवृत्ती, दुरुस्ती, चाचणीची आवृत्ती. चाचणीवाल्या गाळल्या. आता मोठ्या आवृत्त्यांचं चित्र असं दिसतं. रस्ट दर सहा आठवड्यांनी, २०१५ पासून. व्हीएस कोड साधारण दरमहा. गिट दोन-तीन महिन्यांनी. गो फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. नोड एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पायथन २०२० पासून दर ऑक्टोबरला, पोस्टग्रेसही वर्षातून एकदा, पावसाळा संपताना. एसक्यूलाइटची ३.४५ जानेवारीत आली, ३.४६ मेमध्ये.

या हिशेबाने रस्ट आणि व्हीएस कोड हद्दपार, पायथन आणि पोस्टग्रेस शहाणी मुलं. रस्ट शिकणारी दोन पोरं आहेत, त्यांना गणपतीनंतर सांगायचं.

(यादीत नाही, पण नोंदवतो. छपाईचं टेक हे डोनाल्ड नुथ यांचं साधन. त्याची आवृत्ती दर वेळी पाय (π) या संख्येच्या एक अंक जवळ जाते. सध्या ३.१४१५९२६५३. मागची डागडुजी २०२१ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये बघू म्हणालेत. आमच्या डोंगलला परवडेल असं हेच एक.)

६ सप्टेंबर

उद्या गणपती. चाकरमान्यांनी गाव भरलाय, टॉवरवर गर्दी, नेट सरपटतंय. काम बंद.

१० सप्टेंबर

आज गौरी आल्या. भाचा पुण्याहून आलाय, तिथे सॉफ्टवेअरमध्येच आहे. मखराच्या मागे वायर ओढताना त्याला तक्ता दाखवला. कौतुकाची अपेक्षा होती.

"मामा, ह्यो नंबर खोटो नाय," तो म्हणाला, "पण तुका त्येचा काय करूचा आसा?"

मी म्हटलं, कमी अपडेट होणारी साधनं ठेवणार. तर म्हणतो, एप्रिलात तुला कुणी पाडलं? वर्षातून एकदाच येणाऱ्या पायथनने. रस्ट सहा आठवड्यांनी येतं, त्या दोघा पोरांचं कधी काही मोडलं? मोडलं नव्हतं. मग तो मोदक खायला गेला आणि मी वायर धरून उभा.

रात्री जेवताना त्याने आणखी एक विचारलं: एखादं अपडेट मी घेतलंच नाही तर किती दिवस खपून जाईल? तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

१९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी झाली, खोली पुन्हा चालू.

आधी भाच्याचं म्हणणं तपासलं. रस्टवाल्या पोराचा २०२१ मधला सराव ताज्या १.८१ वर बांधून बघितला. एक अक्षर न बदलता बांधला गेला. रस्टने १.० पासून शब्द दिलाय की स्थिर भागात चालणारा कोड पुढेही चालेल. मोठे बदल 'एडिशन' नावाखाली वेगळे ठेवतात, आणि कुठली एडिशन हवी ते आपला प्रकल्प ठरवतो. म्हणजे दर सहा आठवड्यांनी नवं येतं, पण जुनं मोडत नाही. पायथन वर्षातून एकदा येतं आणि येताना मागचं काही ना काही काढून टाकतं, आधी सांगून सवरून.

मग नवा रकाना भरला, 'न घेता किती दिवस'. पायथन ५ वर्षं. पोस्टग्रेस ५ वर्षं. नोडची सम क्रमांकाची आवृत्ती दीर्घ मुदतीत (एलटीएस) गेल्यापासून ३० महिने, विषम क्रमांकाची सात-आठ महिन्यांतच सोडून देतात (पोरांच्या दोन मशीनवर २१ होतं, 'मोठा आकडा म्हणून' घेतलेलं. ती जूनपासून बेवारस होती). गो शेवटच्या दोन आवृत्त्या सांभाळतं, म्हणजे वर्षभर. रस्ट आणि व्हीएस कोड फक्त ताजी आवृत्ती.

तक्ता उलटा झाला असं म्हणणार होतो, पण तसंही नाही. दोन रकाने एकमेकांशी जुळतच नाहीत. व्हीएस कोड न घेता वर्ष काढलं तर दुरुस्त्या मिळणार नाहीत, पण पोरं त्यात 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅम लिहीतच राहतील. पेट्यांच्या प्रोग्रॅमचं तसं नाही.

ताबडतोब घेण्याबद्दलही मनात आलं. मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदार सापडलं होतं, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला लॉगिन थोडं सावकाश वाटलं म्हणून त्याने खोदलं आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. ज्यांनी सगळं ताजं ताजं उतरवून घेतलं होतं त्यांच्याकडे ते पोचलेलं होतं. माझ्या लॅपटॉपवर डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती आहे, तिच्यात पोचलं नव्हतं. माझ्या आळशीपणाला इतकं चांगलं कारण पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

२ ऑक्टोबर

पायथन ३.१३ काल यायचं होतं. तक्त्यात '१ ऑक्टोबर' लिहून मोकळा झालो होतो. त्याऐवजी आणखी एक चाचणी आवृत्ती आली. मेमरी साफ करायची नवी पद्धत ऐनवेळी मागे घेतली म्हणून आठवडा पुढे ढकललं. पुढच्या तारखा पेनने लिहायच्या नाहीत, पेन्सिलने.

८ ऑक्टोबर

३.१३ काल आलं. यावेळी पाच मशीनना हात लावला नाही. फक्त क्रमांक ४ वर टाकलं (तिचा कीबोर्ड असाही खराब आहे, तिच्यावर कुणी बसत नाही) आणि पेट्यांचा प्रोग्रॅम चालवला.

दहा मिनिटांत पडला. 'आयएमजीएचडीआर' सापडत नाही. बागायतदार आपल्या बागेचं चिन्ह पावतीवर छापायला फोटो देतात, तो जेपीईजी आहे की पीएनजी हे ओळखायला मी हे मॉड्यूल वापरलं होतं. ३.१३ मध्ये जुनी १९ मॉड्यूलं एकदम काढलीत, त्यातलं हे एक. इशारा ३.११ पासून होता. मी पुन्हा तोच माणूस.

दुरुस्ती सोपी निघाली. फाइलचे पहिले काही बाइट वाचून ओळखणाऱ्या पाच ओळी लिहिल्या. वेळ ४० मिनिटं, त्यातली २५ चाचणीचे फोटो शोधण्यात. मग पायथनला सगळे इशारे चुका म्हणून धरायला सांगणारा पर्याय लावून पूर्ण प्रोग्रॅम चालवला. आणखी दोन जागा सापडल्या, पुढेमागे मोडणाऱ्या. हेच मागच्या वर्षी केलं असतं तर कार्बन पेपर विकत आणावा लागला नसता.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. आज एकाच वेळी सहाही मशीन. सगळे इन्स्टॉलर लॅपटॉपवर एकदाच उतरवले, पेनड्राइव्हवर घेतले आणि मशीनमशीन फिरलो. डोंगलवर भार एकपट, सहापट नाही.

दोन चुका झाल्या. पहिली: तिसऱ्या मशीनवर गिटचा इन्स्टॉलर उघडेना. पेनड्राइव्ह नीट न सोडवता उपटली होती, फाइल अर्धवट. आता लॅपटॉपवर प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून तो कागद पेनड्राइव्हसोबत ठेवतो आणि मशीनवर ताडून बघतो. दुसरी जास्त लागली: व्हीएस कोडचे विंडोजसाठी दोन इन्स्टॉलर असतात, एक 'यूजर', एक 'सिस्टम'. पानावर मोठ्या बटणामागे पहिला असतो. तो फक्त ज्याने टाकला त्याच्या खात्यात बसतो. मी माझ्या खात्यातून सहाही मशीनवर टाकला, पोरांच्या खात्यात व्हीएस कोड दिसेचना. सगळीकडून काढून 'सिस्टम' टाकला. दोन तास गेले.

जाताजाता व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये 'अपडेट मोड' हाताने घेण्यावर ठेवला. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होण्याचं सेटिंग वेगळं आहे, तेही बंद केलं. नाहीतर तेवढ्या दारातून डेटा गळत राहतो.

२० ऑक्टोबर

सहा मशीनवर पायथन कुठलं हा शेवटचा प्रश्न होता. ३.११ ला पाच वर्षं आहेत, म्हणजे २०२७ पर्यंत, मग ते परत टाकून निवांत राहावं असं ठरवलं होतं. पायथनच्या संकेतस्थळावर गणपतीच्या सुमारास आलेलं ३.११.१० दिसलं, पण विंडोजचा इन्स्टॉलरच नाही. फक्त कोड.

तर गोम अशी. पाच वर्षांतली पहिली साधारण दीड वर्षं सगळ्या दुरुस्त्या आणि तयार इन्स्टॉलर. नंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि त्या कोडच्या रूपात, ज्याला हव्या त्याने बांधून घ्याव्यात. ३.११ चा शेवटचा तयार इन्स्टॉलर ३.११.९, एप्रिल २०२४ चा. म्हणजे एप्रिलमध्ये मी ३.११ सोडलं तो महिना चुकीचा होता, पण सोडणं चुकीचं नव्हतं! माझ्या तक्त्यातला '५ वर्षं' हा आकडा विंडोजवाल्या माणसासाठी दीडच आहे. ३.१३ पासून ही पहिली मुदत दोन वर्षांची केलीय, तेवढा दिलासा.

त्यामुळे क्रमांक ४ सोडून पाचही मशीनवर ३.१२. वर्षभर दुरुस्त्या होऊन बसलंय आणि एप्रिल २०२५ पर्यंत इन्स्टॉलर मिळत राहतील. ३.१३ क्रमांक ४ वरच राहील. पुढच्या दसऱ्यानंतर ते सगळीकडे, आणि ३.१४ क्रमांक ४ वर.

३० ऑक्टोबर

काल नोड २२ दीर्घ मुदतीत गेलं. पोरांच्या मशीनवर २१ काढून २२ टाकलं. होमस्टेवाल्यांचं छोटं संकेतस्थळ २० वरच ठेवलंय, एप्रिल २०२६ पर्यंत ते चालेल.

मोजणीचा तक्ता लॅपटॉपवर पडून आहे. कामाचा निघाला तो पाच ओळींचा कागद, दाराच्या मागे चिकटवलाय. वडील वैशाखात कौलं परतायचे, शाकारणी करायचे. आमची शाकारणी कार्तिकाच्या आगेमागे: पाऊस गेलेला, लाइट टिकते, आणि पायथन, नोड, पोस्टग्रेस सगळ्यांचं नवं नुकतंच आलेलं असतं. फेब्रुवारीत एक छोटी फेरी, फक्त दुरुस्त्यांची. १ मार्च ते ३१ मे कशालाही हात लावायचा नाही. सुरक्षेची मोठी दुरुस्ती आली तर तेवढी त्याच आठवड्यात, आधी क्रमांक ४ वर, मग बाकीच्यांवर. जुना इन्स्टॉलर पुढच्या फेरीपर्यंत पुसायचा नाही.

रस्टवाल्या दोघांना काही सांगितलं नाही. त्यांना माहीतही नाही की ते हद्दपार होणार होते.

खर्च: वरचा डेटा पाच वेळा, ३०५ रुपये. पेनड्राइव्ह ४५० रुपये. वेळ: धरल्या होत्या दोन संध्याकाळी, लागले ४१ तास, त्यातले साधारण २५ या नोंदींतल्या चुकांचे.

क्रमांक ४ चा कीबोर्ड बदलायला हवा. तिच्यावर आता रोज बसावं लागतंय.